कूलर कोणी बंद केला? नागपुरातल्या एका लघुभयपटाचा प्रकरण अभ्यास

नागपुरातल्या पाच मित्रमैत्रिणींनी नोकऱ्या सांभाळून, स्वतःच्या खिशातून पैसे घालून चौदा मिनिटांचा एक भयपट केला. दिग्दर्शक बँकेत कामाला आहे, कॅमेऱ्यावरचा मुलगा एरवी लग्नांचे व्हिडिओ काढतो, ध्वनीची बाजू बघणारी मुलगी एकांकिकांना पार्श्वसंगीत देते. चित्रपटाचा पहिला रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, त्यांनी ओळखीच्या लोकांना दाखवला आणि कोणीही घाबरलं नाही. दोघंतिघं मोबाईल बघत होते. एकजण उठताना म्हणाला, ‘अबे, हे तर कोकणातलं भूत वाटून राहिलं. इथं कसं काय आलं?’

पुढच्या संकलनाच्या काळात मी त्यांच्यासोबत बसत होते, म्हणून हे प्रकरण मी जवळून पाहिलं. त्याच कथेतून, त्याच अभिनेत्रीकडून नंतर जो चित्रपट तयार झाला तो बघताना माणसं हलायची थांबली. मधे काय बदललं हे नीट नोंदवून ठेवावंसं वाटतं, कारण आपल्याकडे भयपटाबद्दल बोलताना सगळी चर्चा भूत कसं दिसलं यावर होते आणि वातावरणनिर्मिती हे जणू सजावटीचं काम असल्यासारखं शेवटी उरकलं जातं.

कथा साधी आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारी मुलगी, एप्रिलअखेरचे दिवस. आईबाबा लग्नासाठी काटोलला गेलेले, ती घरी एकटी. तिच्या आजोबांना, आबाजींना, जाऊन वर्ष होत आलंय. रात्री तिला घरात कोणीतरी वावरतंय असं वाटू लागतं आणि शेवटी आबाजी दिसतात. पहिल्या रफ कटमध्ये हे सगळं नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात घडत होतं. धुराचं मशीन भाड्यानं आणलं होतं. खिडकीतून निळा प्रकाश, घुबडाचा आवाज, ढगांचा गडगडाट, करकरणारं दार. आबाजींच्या चेहऱ्याला पांढरी पावडर आणि डोळ्यांत पांढऱ्या लेन्स. मुलगी पहिल्या दृश्यापासूनच घाबरलेली.

यातली एकेक गोष्ट कुठून आली ते शोधणं अवघड नाही. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’पासून १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘झी हॉरर शो’पर्यंत रामसे बंधूंनी धूर, हवेली आणि निळा उजेड यांची जी भाषा घडवली, ती आमच्या पिढीच्या डोळ्यांत कायमची बसली आहे. तिच्यावर नंतर कोकण आलं. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ घराघरात पोचली तेव्हा माडांच्या आडचं कौलारू घर आणि ओला अंधार हीच मराठी भीतीची जागा ठरून गेली. त्या मालिकेला ते वातावरण शोभतं, कारण ते तिच्या गावाचंच आहे.

‘तुंबाड’चं उदाहरण या गटानं पुन्हा पुन्हा दिलं, म्हणून त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. २०१८ च्या या चित्रपटात पाऊस थांबतच नाही. पण तो पाऊस पार्श्वभूमीला लावलेला नाही. देवांचा कोप म्हणून तो त्या गावावर कोसळतो आहे, गोष्टीतल्या लोभाइतकाच तो गोष्टीचा भाग आहे. म्हणून त्यातल्या भिंती, कपडे, माणसांची कातडी सगळंच ओलं आणि कुजत चाललेलं दिसतं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना या चित्रपटाचं बीज मिळालं ते १९९३ मध्ये, नागझिऱ्याच्या अभयारण्यात, एका मित्रानं नारायण धारपांची कथा सांगितली तेव्हा. म्हणजे आमच्या शेजारच्या जंगलात ऐकलेली गोष्ट. तिला कोकणचा पाऊस लागला, तेव्हा त्यांनी तो पाऊस खऱ्या पावसाळ्यांमध्ये चित्रित केला. नागपूरच्या गटानं त्यातला पाऊस तेवढा उचलला आणि तो एप्रिलच्या नागपुरात आणून ठेवला. ज्या शहरात त्या दिवसांत रस्त्यावरचं डांबर मऊ होतं, तिथं धुकं आलं की बघणाऱ्याचं मन लगेच म्हणतं, हे खोटं आहे. एकदा ते म्हटलं की पुढचं सगळं वाया.

याउलट ‘लपाछपी’ (२०१७) पाहा. विशाल फुरिया यांनी त्या चित्रपटातली भीती उसाच्या फडात नेली, तीही लख्ख दिवसा. उसाच्या दाट रांगांमधून दोन हातांपलीकडचं दिसत नाही, वाट कळत नाही, आणि पानांची सळसळ वाऱ्याची की कोणाच्या चालण्याची हे सांगता येत नाही. धूर कशाला लागतो तिथं? मला हा चित्रपट फार मोलाचा वाटतो तो याच कारणासाठी. ज्यानं ऊस पाहिला आहे त्याला ती जागा आधीच ठाऊक असते.

मग नागपूरच्या उन्हाळ्यातल्या रात्रीचं काय? तिचा आवाज कोणता? हा प्रश्न ध्वनीवाल्या मुलीनं विचारला आणि उत्तर देताना सगळ्यांना एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, कारण खोलीत कूलर चालू होता.

कूलर म्हणजे आमच्याकडचा, पत्र्याचा, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला. मार्चअखेर तो माळ्यावरून किंवा गच्चीवरून खाली येतो, नव्या ताट्या, म्हणजे बाजूंना लावायच्या वाळ्याच्या जाळ्या, लागतात, पहिल्या दिवशी ओल्या वाळ्याचा वास घरभर होतो. त्यानंतर पाऊस येईपर्यंत त्याचा आवाज थांबत नाही. खिडकी त्यानं व्यापल्यामुळे खोलीत भर दुपारीही अंधार असतो. आणि प्रत्येक घरात एक नियम असतो: पाणी टाकण्याआधी बटन बंद करायचं. कूलरमध्ये करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. त्यामुळे हा नियम मोठी माणसं लहानांना ओरडून ओरडून शिकवतात.

दिग्दर्शकाच्या घरी हे काम आबाजींचं होतं. रोज संध्याकाळी बटन बंद, पाइपनं टाकी भरायची, पुन्हा बटन चालू. ‘ते गेल्यापासून पाणी टाकायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही,’ तो सहज बोलून गेला. खोलीतले सगळे गप्प झाले. चित्रपट तिथं सापडला.

कथेचा सांगाडा तोच ठेवून पटकथा पुन्हा लिहिली गेली. वाडा गेला, मनीषनगरकडच्या एका साध्या दोन खोल्यांच्या घरात चित्रीकरण ठरलं. धुराचं मशीन परत गेलं. सुरुवातीच्या भागात आता भीतीचा मागमूसही नाही. मुलगी अभ्यास करते आहे, आईचा फोन येतो, जेवलीस का, दार नीट लाव, आणि कूलरमध्ये पाणी टाकशील तर आधी बटन बंद कर बरं. ती हो म्हणते आणि विसरते. भिंतीवर आबाजींचा फोटो आहे, पण कॅमेरा त्याच्याकडे वळत नाही. बोर्डावरचं कूलरचं बटन आणि त्याशेजारचा बारीक लाल दिवा मागच्या भिंतीवर दिसत राहतो, कोणीही लक्ष देऊ नये असा.

रात्री अकराच्या सुमारास टाकीतलं पाणी संपतं. पंप कोरडा ओढायला लागतो, कूलर गरम हवा फेकू लागतो. ती कंटाळून पुस्तकावर डोकं टेकवते. मग कूलर बंद होतो.

या एका क्षणासाठी आधीची सगळी मिनिटं रचलेली आहेत, आणि त्याचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणाऱ्या कूलरच्या मोटारीची मूळ गुणगुण साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असते. वर पात्यांचा वारा आणि ताट्यांवरून ओघळणारं पाणी. असा एकसारखा आवाज काही मिनिटं चालला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. तो ऐकू येत असतो, पण आपल्याला ऐकतोय असं वाटत नाही. शिवाय तो बाकीचे बारीक आवाज झाकून टाकतो. तो थांबला की दोन गोष्टी एकदम होतात. नसलेल्या आवाजाची जाणीव होते, आणि आतापर्यंत झाकलेलं सगळं उघडं पडतं: घड्याळ, पाल, ताट्यांतून गळणारे शेवटचे थेंब, दूरच्या गाडीचा भोंगा.

पहिल्या प्रयोगात त्यांनी या जागी ध्वनीपट्टी पूर्ण रिकामी ठेवली होती. तसं केल्यावर बघणाऱ्याला भीती वाटत नाही, स्पीकर बिघडला असं वाटतं. एकानं खरंच वायर तपासली. म्हणून ध्वनीवाली मुलगी त्या घरात उशिरा रात्री, पंखे-कूलर सगळं बंद करून, घरच्यांना न हलता बसवून तिथली शांतता रेकॉर्ड करून घेऊन आली. रूम टोन म्हणतात तो हाच. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि त्या घराची शांतता त्या घरातूनच आणावी लागते. हे काम प्रेक्षकाला कधी दिसत नाही, पण माझ्या मते या चित्रपटातलं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

कूलर थांबल्यावर मुलगी मान वर करते. पहिल्या रफ कटमध्ये ती इथं किंचाळत होती. आता तिला वाटतं ते कोणालाही वाटेल: लाइन गेली. ती सवयीनं वर पाहते. छताचा पंखा फिरतो आहे. संवाद नाही, संगीत नाही. लाइन गेलेली नाही, फक्त कूलर बंद झाला आहे. बघणारा हे तिच्याबरोबरच ओळखतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणसाला दुसऱ्यानं सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त घाबरवतो.

मग खिडकीबाहेर पाण्याचा आवाज सुरू होतो. पाइप पत्र्याला टेकल्याचा ठक्क आवाज, रिकाम्या टाकीत पडणारी पोकळ धार, आणि टाकी भरत जाईल तसा जड, बुजत जाणारा आवाज. हे कुठल्या ध्वनीसंग्रहातून घेतलेलं नाही. खरी टाकी खऱ्या पाण्यानं भरून, आतून आणि बाहेरून असं दोन्हीकडून रेकॉर्ड केलं आहे. नागपूरच्या माणसाला हा आवाज डोळे मिटून ओळखता येतो. कॅमेरा या पूर्ण वेळात मुलीच्या चेहऱ्यावरून हटत नाही. रफ कटमध्ये हा शॉट चार सेकंदांचा होता, शेवटी तो बावीस सेकंदांचा झाला. टाकी भरण्याइतका वेळ देणं भाग होतं. तेवढ्यात बघणाऱ्याच्या डोक्यात पुढचा हिशोब लागतो: कूलर बाहेर आहे, पण बटन खोलीत आहे. पाणी टाकणाऱ्यानं आधी बटन बंद केलं. म्हणजे तो आधी आत होता.

इथं मोठा वाद झाला. दिग्दर्शकाला बटनाचा क्लोजअप हवा होता. ‘लोकांना समजणार नाही,’ हे त्याचं म्हणणं. मी आणि कॅमेऱ्यावरचा मुलगा विरोधात होतो. तोडगा असा निघाला की कूलर बंद होतो त्या वेळी शॉट रुंद ठेवायचा, मुलगी पुढे, बोर्ड मागे धूसर, आणि तिच्या पाठीमागे तो लाल दिवा विझतो. कोणी पाहिलं तर पाहिलं. चाचणीत काहींनी पाहिलं आणि शेजारच्याचा हात धरला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पाण्याच्या आवाजावरून कळलं. दोन्ही वाटांनी माणूस त्याच ठिकाणी पोचतो, फक्त वेगवेगळ्या सेकंदाला, आणि त्यामुळे खोलीत भीती एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत गेली.

पाणी थांबतं. थोडा वेळ काहीच नाही. मग कूलर धडधडत सुरू होतो आणि सगळे दचकतात. जॅक टूर्नर दिग्दर्शित ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) रात्री पाठलाग होत असलेल्या बाईसमोर अचानक एक बस येऊन थांबते, तिच्या ब्रेकचा आवाज श्वापदाच्या गुरगुरण्यासारखा अंगावर येतो, आणि ती फक्त बस निघते. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावानं ही युक्ती पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यात दचकल्यानंतर सुटका असते. इथं कूलर सुरू होण्याचा धक्का तसाच आहे, पण सुटका नाही, कारण तो सुरू करणारा पुन्हा खोलीत आलेला आहे. मुलीच्या कपाळावरचे केस गार वाऱ्यानं हलतात. चित्रपटात आबाजी एवढेच ‘दिसतात’.

पांढऱ्या डोळ्यांचा शॉट शेवटच्या बैठकीत काढून टाकला गेला. रॉबर्ट वाइझच्या ‘द हॉन्टिंग’मध्ये (१९६३) भूत एकदाही दिसत नाही, फुगणारं दार आणि भिंतीपलीकडचे धक्के एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे, हे उदाहरण पटवून द्यायला कामी आलं. पण खरं कारण वेगळं होतं. हे आबाजी नातीला त्रास द्यायला आलेले नाहीत. तिला गरम होऊ नये म्हणून आले आहेत. अशा माणसाच्या तोंडाला पावडर फासणं हा त्याच्यावर अन्याय होता. ज्या माणसाची आपल्याला आठवण येते तोच परत आला तर आपण घाबरू, हा विचार मला कुठल्याही राक्षसी चेहऱ्यापेक्षा भयंकर वाटतो, आणि तो पावडरीखाली दबून गेला होता.

गटातल्या एकीचे वडील अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, आणि या चळवळीचं काम नागपुरात खोलवर रुजलेलं आहे. त्यामुळे तिनं विचारलं की आपण लोकांना भुतावर विश्वास ठेवायला सांगतो आहोत का. प्रश्न गंभीर होता आणि तो टाळला गेला नाही. चित्रपटात मांत्रिक नाही, उतारा नाही, उपाय नाही. सकाळी मुलगी टाकीचं झाकण उघडून पाहते आणि ते दृश्य पाण्याची पातळी दिसण्याआधी कापलं आहे. प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीच्या वडिलांनी चित्रपट पाहिला आणि ‘हे दुःखाचं चित्र आहे’ एवढंच म्हणाले.

उजेडाचं काम तुलनेनं सोपं झालं. निळा रंग गेला. रात्रीसाठी टेबललॅम्प आणि पलीकडच्या खोलीतली पांढरी ट्यूब. एक दुपारचं दृश्य नव्यानं घेतलं: रस्ता ओस, पडदे ओढलेले, खोलीत ताट्यांतून झिरपणारा तपकिरी उजेड, आणि उघड्या दाराची चौकट इतकी पांढरी की तिथं उभा माणूस आकारानंच कळावा. कॅमेरा आतल्या अंधारासाठी लावला की बाहेरचं ऊन आपोआप असं जळतं, वेगळं काही करावं लागत नाही. भर दुपारी चिंचेखाली जाऊ नको म्हणून आजी दटावायची ती उगाच नव्हे. आमच्या शहराला दुपारची भीती जुनीच माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तीही दिवसाढवळ्या, हजारो लोकांच्या गर्दीतून, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत.

मधेच कोणीतरी १९ हर्ट्झची टूम काढली. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या व्हिक टँडी यांनी लिहिलं होतं की प्रयोगशाळेत त्यांना डोळ्यांच्या कडेला राखाडी आकृती दिसली, अंगावर काटा आला, आणि शोध घेतल्यावर नव्या पंख्यामुळे साधारण १९ हर्ट्झची, कानाला ऐकू न येणारी लहर तिथं साचत असल्याचं निघालं. पंख्याचीच गोष्ट असल्यामुळे सगळ्यांना मोह झाला. मी नको म्हटलं. तो निष्कर्ष सर्वमान्य झालेला नाही, आणि झाला असता तरी घरातले स्पीकर इतका खालचा आवाज काढूच शकत नाहीत. शिवाय भीती तयार करायला दृश्य कमी पडतं तेव्हाच असं काहीतरी शोधावंसं वाटतं.

टीव्हीचा प्रश्न मात्र खरा होता, कारण गटाला हीच कल्पना पुढे मालिकेच्या भागासाठी मांडायची होती. टीव्हीवर जाहिराती येतात. दर काही मिनिटांनी साबण आणि मसाले येऊन गेले की साठवलेली शांतता विरते, आणि परतल्यावर ती शून्यापासून उभी करावी लागते. १९९५ पासूनच्या ‘आहट’सारख्या मालिका ब्रेकच्या आधी एक झटका आणि ब्रेकनंतर ओळखीचं संगीत का द्यायच्या, ते यातून कळतं. तो आळस नव्हता, माध्यमाची गरज होती. या चित्रपटातला कूलर थांबण्याचा क्षण जाहिरातीनंतर लगेच येऊ शकत नाही. त्याच्या आधी सलग चार-पाच मिनिटं मिळाली नाहीत तर तो फक्त बंद पडलेला कूलर आहे.

आणि घरातला प्रेक्षक स्वतः कूलरसमोर बसलेला असतो. मे महिन्यातली एक चाचणी आम्ही मुद्दाम एका घरी ठेवली, कूलर चालू ठेवून. भीती होती की सगळे बारीक आवाज बुडतील. बुडालेच. पण पडद्यावरचा कूलर थांबला तेव्हा दोघांनी वळून खोलीतल्या कूलरकडे पाहिलं, आणि मागून आवाज आला, ‘काहून बे, कोणी बंद केला का?’ त्या घरातला कूलर चालूच होता.

शेवटी राहिला मोबाईल. फोनच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झची गुणगुण जवळपास येतच नाही, त्यामुळे फोनवर कूलर सुरू होता हेच कळत नव्हतं, मग तो थांबणार कसा? हेडफोन लावा अशी सूचना सुरुवातीला टाकायची की नाही यावर एक संध्याकाळ गेली. दिग्दर्शकानं ठाम नकार दिला, सूचना वाचली की माणूस सावध होऊन बसतो म्हणून. तेव्हा ध्वनीमिश्रण दोन केली: सभागृहासाठी गुणगुणीवर उभं असलेलं, आणि फोनसाठी पात्यांची फरफर आणि ताट्यांवरचं ओघळणारं पाणी वर आणलेलं.